‘बाळ शांत आहे’ हे उत्तर पुरेसे नाही

गेल्या पावसाळ्यात माझ्या चुलत बहिणीची लेक तालुक्याच्या गावी बाळंत झाली. शेवटच्या तासात बाळाचे ठोके उतरत गेले, घाईघाईने सिझेरियन करावे लागले आणि बाळ जन्मल्यावर रडले नाही. ‘बाळ रडले नाही’ एवढे ऐकले की आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पुढचे सारे न सांगता कळते. तिथल्या डॉक्टरांनी वेळ न दवडता बाळाच्या श्वासनलिकेत नळी घातली, रुग्णवाहिका लगेच मिळाली आणि पाचव्या तासाला ते बाळ शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात, मेंदू वाचावा म्हणून, थंड गादीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तेव्हा त्याच्या शरीराचे तापमान ३३.५ अंश सेल्सिअस होते आणि पुढचे दोन दिवस ते तेवढेच ठेवायचे होते. अंगावर लंगोटाखेरीज काही नव्हते. गालाला बोट लावले तर माठाला हात लावल्यासारखे गार लागले. काचेपलीकडून बहिणीने खुणेने मला बाहेर बोलावले आणि विचारले, “अगं, दुपटं तरी टाकू देतील का त्याच्या अंगावर?”

मी भूलतज्ज्ञ आहे. सव्वीस वर्षे माणसांना वेदना होऊ न देणे हेच माझे काम आहे, त्यामुळे माझी नजर आधी औषधांच्या पंपांकडे गेली. रक्तदाब टिकवणारे औषध चालू होते, प्रतिजैविके होती, झटक्यांसाठी फेनोबार्बिटोन रात्री देऊन झाले होते. वेदनेसाठी काहीही नव्हते. रात्रपाळी संपवत आलेल्या तरुण निवासी डॉक्टरला मी त्याबद्दल विचारले. तो म्हणाला, “मॅडम, बाळ शांत आहे. रडत नाहीये, आणि हार्ट रेटही नॉर्मल आहे.” पडद्यावर १३२ हा आकडा होता.

तो मुलगा बेपर्वा नव्हता. रात्रभर उभा राहून त्याने ते बाळ जगवले होते आणि जे त्याने पाहिले-शिकले होते तेच तो मला सांगत होता. म्हणूनच मला हे लिहावेसे वाटते, कारण ते उत्तर एकट्या त्याचे नाही. श्वासनलिकेत नळी असलेल्या बाळाला रडता येत नाही, कारण ती नळी स्वरतंतूंच्या मधून जाते. ते तोंड वासते, कपाळाला आठ्या घालते, पण आवाज फुटत नाही. मेंदूला इजा झालेले, वर फेनोबार्बिटोन दिलेले बाळ हातपाय झाडत नाही, कारण झाडण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. फेनोबार्बिटोनने गुंगी येते, वेदना शमत नाही. आणि १३२ हा आकडा सदतीस अंशांच्या बाळासाठी अगदी योग्य असला, तरी साडेतेहेतीस अंशांच्या बाळासाठी तो योग्य नाही. शरीर थंड केले की हृदयाची गती उतरते. या उपचारात असलेल्या बाळांचे ठोके सहसा मिनिटाला ८० ते १०० च्या आसपास येतात आणि तसे येणे अपेक्षितच असते. ते सतत ११० च्या वर राहत असतील तर बाळाला काहीतरी सोसत नाही, असे आधी धरावे. ते रक्तदाबाच्या औषधामुळे असेल, रक्त कमी पडल्यामुळे असेल, दडलेल्या झटक्यामुळे असेल किंवा वेदनेमुळे असेल. पण त्याला ‘नॉर्मल’ म्हणून पुढे जाता येत नाही.

हा उपचार मुळात काय आहे ते थोडक्यात सांगायला हवे. जन्माच्या सुमारास मेंदूचा प्राणवायू आणि रक्तपुरवठा तुटला की काही पेशी लगेच मरतात; पण त्याहून कितीतरी अधिक पेशी पुढच्या काही तासांत आणि दिवसांत, ऊर्जेच्या दुसऱ्या पडझडीत मरतात. या मधल्या वेळात शरीराचे तापमान ३३ ते ३४ अंशांवर आणले तर ती दुसरी पडझड बऱ्याच अंशी रोखता येते. म्हणून पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण दिवसांचे, मेंदूवर मध्यम वा तीव्र परिणाम दिसणारे बाळ जन्मापासून सहा तासांच्या आत थंड करायचे, ७२ तास तसेच ठेवायचे आणि मग तासाला जास्तीत जास्त अर्धा अंश या संथ गतीने पुन्हा उबेला आणायचे, अशी पद्धत ठरली. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०८ बाळांच्या चाचणीत मृत्यू किंवा मध्यम-तीव्र अपंगत्वाचे प्रमाण नेहमीच्या उपचारात ६२ टक्के, तर थंड केलेल्या गटात ४४ टक्के होते. २०१३ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्याचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अकरा चाचण्यांमधील दीड हजार बाळांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा साधारण सात बाळांना हा उपचार दिला की एकाचा मृत्यू किंवा मोठे अपंगत्व टळते असे दिसले. नवजात बालकांच्या मेंदूसाठी एवढे परिणामकारक दुसरे काही आज आपल्या हातात नाही. माझा विरोध या उपचाराला नाही, हे सुरुवातीलाच सांगते.

मात्र माझ्या मते त्या बाळाच्या वेदनेची दखल घेणे हा या उपचाराचाच भाग आहे. ती सवड मिळाली तर करायची जोडसेवा नव्हे. ज्या विभागात ती दखल घेण्याची सोय नाही, त्या विभागात बाळ थंड करण्याचीही सोय नाही असेच मानले पाहिजे.

थंडी ही एक संवेदना आहे आणि तीव्र थंडी ही यातना आहे, हे सांगायला खरे तर शास्त्राची गरज पडू नये. ज्या समाजात बाळंतिणीला आणि बाळाला शेक-शेगडी दिली जाते, सव्वा महिना बाळाचे कान उघडे पडू दिले जात नाहीत, त्या समाजाला तर नाहीच. नवजात बाळ मोठ्या माणसासारखे कुडकुडत नाही. त्याच्या मानेभोवती आणि पाठीशी असलेली तपकिरी चरबी जाळून ते ऊब निर्माण करते आणि त्यासाठी त्याच्या अंगात ताणाची संप्रेरके उसळतात. कुडकुडणे दिसत नाही म्हणून गारठा बोचत नाही असा अर्थ लावणे ही आपली चूक आहे. शिवाय थंडी एकटी येत नसते. नाभीच्या रक्तवाहिन्यांत नळ्या, टाचेला वारंवार टोचणे, श्वासनलिकेतला कफ ओढून काढणे, गुदद्वारात किंवा अन्ननलिकेत तापमापकाची तार, काही ठिकाणी मेंदूच्या आलेखासाठी टाळूच्या कातडीखाली सुया. पॅरिस परिसरातील अतिदक्षता विभागांत ४३० नवजात बाळांची नोंद ठेवून २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक बाळाला दिवसाला सरासरी दहा वेदनादायक प्रक्रियांतून जावे लागत होते, आणि सुमारे ७९ टक्के प्रक्रियांच्या वेळी वेदनाशमनाचा कोणताही खास उपाय केलेला नव्हता. फ्रान्सच्या राजधानीत ही स्थिती असेल, तर एका सिस्टरकडे चार-पाच बाळे असलेल्या आपल्या विभागांत काय असेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

नवजात बाळाला वेदना कळत नाही, ही समजूत डॉक्टरांनीच दीर्घकाळ जपली हे आमच्या शाखेचे जुने ओझे आहे. १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर हृदयाजवळच्या शस्त्रक्रियासुद्धा स्नायू शिथिल करणारे औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू एवढ्यावर होत असत. काही वेळा तर केवळ स्नायू शिथिल करून. म्हणजे बाळ हलू शकत नसे, एवढाच त्याचा अर्थ होता. हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. कंवलजीत सिंग आनंद इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. पुढे ऑक्सफर्डमध्ये काम करताना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की अशा शस्त्रक्रियेत फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या अंगातली ताणाची संप्रेरके कमी वाढतात आणि नंतरचे धोकेही कमी होतात. ती चाचणी अवघ्या सोळा बाळांची होती, पण तिने जगभरच्या भूलतज्ज्ञांची सवय बदलली. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्याच एका गटाने पायाला हलके टोचल्यावर काय होते ते एमआरआय यंत्रात पाहिले. वेदनेच्या वेळी प्रौढांच्या मेंदूचे जे वीस भाग जागे झाले, त्यांपैकी अठरा नवजात बाळांतही जागे झाले. मी विद्यार्थिनी असताना आम्हाला भूल शिकवणाऱ्या सरांनी हा विषय अर्ध्या तासात संपवला होता. आज तो तसा संपवता येणार नाही.

शस्त्रक्रियागृहात जे मान्य झाले ते थंड गादीपर्यंत मात्र पुरते पोहोचले नाही. प्रौढांचे उदाहरण घ्या. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णांना थंड करण्याच्या ज्या दोन चाचण्या २००२ साली युरोपात आणि ऑस्ट्रेलियात गाजल्या, त्या दोन्हींत रुग्णांना गुंगीचे औषध दिलेले होते, कुडकुडणे थांबवण्यासाठी स्नायूही शिथिल केलेले होते. कोणत्याही अतिदक्षता विभागात मोठ्या माणसाला अशा तापमानाला तीन दिवस जागे ठेवा असे मी सांगितले, तर माझी रवानगी चौकशी समितीसमोर होईल. मग तीन किलोच्या माणसाला वेगळा नियम का?

या प्रश्नाची एक अधिक तांत्रिक बाजू आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नॉर्वेत नवजात डुकरांच्या पिल्लांवर झालेल्या एका प्रयोगात, जो २००१ साली प्रसिद्ध झाला, प्राणवायू तोडल्यानंतर पिल्लांना गुंगी न देता चोवीस तास थंड ठेवले, तेव्हा थंडीचा मेंदूला काहीच फायदा झाला नाही. त्याच गटाच्या आधीच्या प्रयोगांत भूल दिलेल्या पिल्लांना मात्र थंडीचा फायदा झाला होता. संशोधकांनी यावरून शंका मांडली की गारठ्याच्या ताणाने थंडीचे संरक्षण खाऊन टाकले असावे. पिल्ले म्हणजे बाळे नव्हेत, हे मान्य. पण त्यानंतर बाळांवर झालेल्या मोठ्या चाचण्या पाहा. २००९ सालच्या ब्रिटनप्रणीत ‘टोबी’ चाचणीत बाळ अस्वस्थ दिसले तर वेदनाशामक मॉर्फिन किंवा गुंगीचे क्लोरल हायड्रेट देण्याची तरतूद होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘निओ-न्यूरो नेटवर्क’ या युरोपीय चाचणीत तर दोन्ही गटांतल्या प्रत्येक बाळाला मॉर्फिन किंवा तेवढेच फेंटानिल नियमाने दिले गेले, आणि तिथे फायदाही इतर चाचण्यांपेक्षा मोठा दिसला: मृत्यू किंवा तीव्र अपंगत्व ८३ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले. तो मोठा फायदा मॉर्फिनमुळेच झाला असे मी म्हणत नाही. तसे सिद्ध झालेले नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या पुराव्याच्या बळावर आपण बाळांना थंड करतो, त्या पुराव्याचा बराचसा भाग वेदनेची काळजी घेत घेत गोळा केलेला आहे. तेव्हा थंडी उचलायची आणि ती काळजी तिथेच ठेवून यायची, हे शास्त्राला धरून नाही.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही, आणि माझे काही जवळचे नवजात-तज्ज्ञ मित्र ती मनापासून मांडतात. मॉर्फिन यकृतात बदलते आणि मूत्रपिंडातून बाहेर पडते. जन्मावेळी प्राणवायू तुटलेल्या बाळाची ही दोन्ही इंद्रिये आधीच मार खाल्लेली असतात आणि थंडीने त्यांचे काम आणखी मंदावते. बुडापेस्टच्या गटाने २००८ मध्ये दाखवले की थंड केलेल्या बाळांच्या रक्तात मॉर्फिन साचत जाते, आणि किलोमागे ताशी १० मायक्रोग्रॅमहून अधिक दिल्यास ते घातक ठरू शकेल अशा पातळीपर्यंत चढते. साचलेले मॉर्फिन श्वास थांबवते, रक्तदाब उतरवते, आतडे थंडावते. जे बाळ स्वतःचा श्वास घेत होते, त्याला केवळ औषधापायी व्हेंटिलेटरवर जावे लागू शकते. आणखी एक अडचण म्हणजे गुंगीतल्या बाळाची मज्जासंस्था तपासता येत नाही. पुढे काय होणार ते आईबापांना सांगण्यासाठी ज्या तपासणीवर आणि मेंदूच्या आलेखावर आम्ही विसंबतो, त्यांवर औषधाची सावली पडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत मॉर्फिनचा अनुभवही फारसा उत्साहवर्धक नाही. ब्रिटनमधील एका चाचणीत डोळ्यांच्या तपासणीआधी अशा बाळांना तोंडाने मॉर्फिन दिले गेले. वेदना कमी झाल्याचे दिसले नाही, श्वासाचा त्रास मात्र वाढला, आणि ३१ बाळांनंतर ती चाचणी थांबवावी लागली. शिवाय २०२२ साली कॉक्रेनने नेमका हाच प्रश्न हाती घेतला, की थंड केल्या जाणाऱ्या बाळांसाठी वेदनाशमनाचे कोणते औषध चांगले, तेव्हा निकषांत बसणारी एकही पूर्ण झालेली चाचणी सापडली नाही.

हे सगळे खरे आहे आणि म्हणूनच ‘सर्वांना मॉर्फिनचा पंप लावा’ अशी मागणी मी करणार नाही. पण या आक्षेपांतून निघतो तो निष्कर्ष मात्रेबद्दलचा आहे, वेदनेबद्दलचा नाही. मॉर्फिन साचते हे कळल्यावर पुढचे काम कमी देण्याचे होते आणि ते झालेही: २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी थंड बाळांच्या रक्तातील पातळ्यांचे गणित मांडून किलोमागे ५० मायक्रोग्रॅमची पहिली मात्रा आणि मग ताशी ५ मायक्रोग्रॅम असे प्रमाण सुचवले. माझ्या रोजच्या कामात जी मात्रा आम्ही सहज लावतो तिच्यापुढे हे प्रमाण अगदी थोडे आहे. डेक्समेडिटोमिडीन हे दुसरे औषध श्वासाला फारसे दाबत नाही आणि कुडकुडणेही कमी करते, त्यामुळे अनेकांचे लक्ष त्याकडे लागले आहे. पण ते हृदयाची गती उतरवते, आणि थंडीने आधीच मंदावलेल्या हृदयावर त्याचा भार किती, हे हळूहळूच कळेल. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे. त्याने बाळ निपचित पडते, रक्तदाब घसरतो आणि वेदना जिथे होती तिथेच राहते. पाहणाऱ्याला बरे वाटावे म्हणून ते देऊ नये.

चाचणी झालेली नाही, या मुद्द्याकडे मला जरा थांबून पाहावेसे वाटते. कोणते औषध चांगले हे ठाऊक नसणे आणि वेदना आहे की नाही हे ठाऊक नसणे, या दोन गोष्टींची आपल्या चर्चांत सारखी गल्लत होते. पहिल्या प्रश्नाला चाचणी हवी. दुसऱ्याला डोळे हवेत, आणि दर काही तासांनी भरला जाणारा तक्ता हवा. नवजात बाळाच्या वेदनेचे गुण मोजण्याच्या पद्धती कित्येक वर्षांपासून वापरात आहेत: कपाळ आखडले आहे का, डोळे गच्च मिटले आहेत का, मुठी कशा आहेत, हाताळल्यावर किती वेळाने सावरते. थंड बाळात त्यांतले काही निकष बदलून वाचावे लागतात, ठोक्यांचा तर नक्कीच. खोल बेशुद्धीतल्या बाळात यांतले काहीच दिसणार नाही, आणि त्याला औषधाची गरजही बहुधा नसेल. मध्यम इजा झालेले बाळ सुस्त असते, पण टोचले की कण्हते. आणि ज्याची इजा सौम्य आहे ते बाळ तर उलट अतिजागृत असते, डोळे टक्क उघडे, जराशा आवाजाने दचकणारे. पुरावा पुरेसा नसताना अशा सौम्य इजेच्या बाळांनाही ‘तोटा तर नाही ना’ म्हणून थंड करण्याचा प्रघात जगात आणि आपल्याकडेही वाढतो आहे. ज्याला फायदा सर्वांत अनिश्चित, त्यालाच गारठा सर्वांत जास्त कळतो, हे त्या प्रघाताला बळी पडण्याआधी मनात यायला हवे.

‘तोटा तर नाही ना’ या शब्दांना उत्तर आपल्याच भूमीवर मिळालेले आहे. २०१५ ते २०१९ या काळात भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात मोठ्या विभागांत ४०८ बाळांवर ‘हेलिक्स’ ही चाचणी झाली. मुंबईचे शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकी एक होते. यंत्र चांगले होते, तापमान नीट राखले गेले. तरी मृत्यू किंवा अपंगत्व दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले, थंड गटात ५० टक्के आणि दुसऱ्यात ४७; आणि मृत्यू थंड गटात ४२ टक्के झाले, तर दुसऱ्यात ३१ टक्के. २०२१ मध्ये हे निष्कर्ष आल्यापासून नवजात-तज्ज्ञांत जो वाद पेटला तो अजून शमलेला नाही. आपल्याकडची इजा वेगळ्या प्रकारची असावी, जन्माच्या कितीतरी आधी सुरू झालेली असावी, अशी एक मांडणी आहे. काही विभाग आपल्या हाती चांगले निकाल येतात असे सांगून उपचार चालूच ठेवतात. ती चाचणी वेदनाशमनाबद्दल नव्हती आणि तिचे अपयश वेदनेच्या खात्यावर मांडण्याचा प्रामाणिक आधार माझ्यापाशी नाही. तिच्यातून मी एवढेच घेते की थंडी निरुपद्रवी नाही. आणि तरीही ज्यांना ती वापरायची आहे, त्यांच्यावर तिच्याभोवतीची सारी व्यवस्था उभी करण्याची जबाबदारी येते. जेलच्या पिशव्या आणि एक तापमापक एवढ्यावर हा उपचार सुरू करता येतो हे खरे, पण सुरू करता येणे आणि पार पाडता येणे यांत ७२ तासांचे अंतर आहे.

त्या व्यवस्थेतली एक गोष्ट फारच क्षुल्लक वाटेल, पण मी ती डोळ्यांनी पाहिली. त्या सकाळी विभागप्रमुख आल्या, मी माझी शंका मांडली, आणि त्यांनी एका मिनिटात मान्य केले की अगदी लहान मात्रेत मॉर्फिन सुरू करायला हरकत नाही. बाळ व्हेंटिलेटरवरच होते, श्वासाची भीती नव्हती. अडले ते पुढे. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली नवजात विभागात नव्हती, शस्त्रक्रियागृहाच्या मजल्यावर होती, नोंदवहीवर दोन सह्या लागत होत्या आणि ज्यांची सही हवी ते दुपारपर्यंत येणार नव्हते. औषध सुरू झाले तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा कडक होता आणि त्यापायी कर्करोगाच्या रुग्णांनी कितीतरी वर्षे सोसले. पण २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल यांसह सहा औषधे अत्यावश्यक ठरवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्यांची साखळी तोडली. शेजारच्या मध्य प्रदेशात कायदेशीर अफूची शेती होते, नीमचला सरकारी कारखाना आहे. आता अडते ते रुग्णालयाच्या आतल्या सवयीमुळे. जो विभाग बाळे थंड करतो त्याच्या स्वतःच्या कुलुपात ते औषध असले पाहिजे, रात्री तीन वाजताही ते काढता आले पाहिजे आणि वापरलेल्या थेंबाथेंबाचा हिशोबही राहिला पाहिजे. हे रक्तपेढ्यांना जमते, मग इथेही जमायला हवे.

औषधाखेरीज जे करता येते ते तर आपण आजच करू शकतो. टाचेला टोचण्याऐवजी आधीच घातलेल्या नळीतून रक्त घेणे, तपासण्या एकत्र करून बाळाला मध्ये सलग दोन-तीन तास न छेडणे, डोळ्यांवरचा दिवा मंद करणे, यंत्रांच्या घंटांचा आवाज उतरवणे. आईच्या चीकदुधाचे थेंब कापसाच्या बोळ्याने ओठांच्या आत लावणे. पोटातून दूध देणे बंद असले तरी एवढे बहुतेकदा चालते. थंड बाळाला आईच्या हाती देता येत नाही असे सर्रास मानले जाते, पण अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये थंड गादीसकट बाळ आईबापांच्या मांडीवर देण्याचे लहान प्रयोग झाले आहेत आणि तापमान ढळल्याशिवाय ते पार पडले आहेत. आपल्या गर्दीच्या विभागांत मांडीवर घेणे उद्याच जमणार नाही, हे मला कळते. बापाचा तळहात बाळाच्या डोक्यावर आणि तळपायांवर ठेवू देणे मात्र जमू शकते. त्या दुपारी आमच्या जावईबापूंनी तो ठेवला. आधी ते घाबरले, त्यांना वाटले आपल्या हाताची ऊब लागून उपचार बिघडेल. सिस्टरनी त्यांना समजावले की यंत्र ते सांभाळून घेईल. संध्याकाळी पडद्यावरचा आकडा १०४ होता. तो मॉर्फिनमुळे उतरला, हातामुळे उतरला की सकाळी दिलेल्या सलाइनमुळे, हे मी सांगू शकत नाही, आणि एका बाळावरून काही सिद्ध होत नसते. ते बाळ आज दहा महिन्यांचे आहे. त्याच्या चालण्या-बोलण्याबद्दल काही म्हणायला अजून वेळ आहे.

घरी परतताना बहिणीने मला जावयाने सही केलेल्या संमतीपत्राची प्रत वाचायला दिली. मराठीत होते, स्वच्छ छापलेले होते. तापमान किती उतरवणार, किती तास ठेवणार, रक्त गोठण्यावर, ठोक्यांवर, त्वचेवर काय परिणाम होऊ शकतो, हे सारे त्यात नीट लिहिले होते. बाळाला हे सोसताना त्रास होईल का आणि झाला तर काय केले जाईल, याबद्दल एक अक्षर नव्हते. त्या कागदात दोन ओळी वाढवायला काही खर्च येत नाही. दर चार तासांनी बाळाची वेदना तपासून नोंदवली जाईल, ती नोंद पालकांना पाहता येईल, आणि औषध द्यायचे किंवा द्यायचे नाही असे जे ठरेल त्याचे कारण तिथेच लिहिले जाईल, एवढे त्या ओळींत हवे. ‘दुपटं तरी टाकू देतील का’ असे काचेपलीकडून विचारणाऱ्या आजीला त्या ओळी वाचून दाखवता आल्या पाहिजेत.